विनूने ठेवलेली जागा

सन दोन हजार पंचवीस, मी शहात्तर वर्षांचा. विनू माझा धाकटा भाऊ, चौदा वर्षांनी लहान, आणि फोन आला तो त्याच्या बायकोचा, सुलभाचा... "दादा, हे गेले." कोण गेलं, असं मी तिला दोनदा विचारलं. त्याला आता दीड महिना झाला. मी चौथी शिकलेला माणूस, पण हे मीच लिहिणार. पेपरात विनूबद्दल शेवटचं जे छापून आलं ते वाईट होतं, आणि मी ते तसंच राहू देणार नाही.

माझी गिरणी बंद पडली तेव्हा तो इंजिनिअरिंगला होता. मी वॉचमनकी केली, पण त्याला कॉलेज सोडू दिलं नाही. पुढे तो सरकारी धरणांवर लागला, एका नदीवरून दुसऱ्या नदीवर. शेवटचं धरण तर आमच्या घाटकोपरच्या डोंगरावर पाणी देणारं! मी नळावर छाती काढून सांगायचो, माझ्या भावाचं पाणी पिताय. तो हसायचा. "दादा, धरण भरणं पावसाचं काम. माझं काम त्याच्या पोटात जागा ठेवायचं. तुडुंब धरणावर ढग फुटला तर पाणी खालच्या गावांना विचारून जात नाही."

एका वर्षी पाऊस सरताना धरण काठोकाठ होतं आणि मोठ्या वादळाचा इशारा आला. विनूने भोंगा वाजवून गावं सावध केली, दरवाजे उचलले, दोन दिवस पाणी सोडलं. वादळ समुद्रातच वळलं... नंतर थेंब नाही. उन्हाळ्यात कपात लागली, आमच्या नळाला दिवसाआड पाणी, आणि पेपरात विनूचा फोटो, पाणी वाया घालवणारा म्हणून. चौकशी लागली. साहेब लोकांनी सांगितलं, चूक झाली असं लिहून दे, बदलीवर निभावेल, नाहीतर सस्पेंड. उत्तर द्यायच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला.

"लिहून दे," मी म्हटलं. "पोरगी शिकतेय अजून तुझी."

"नाही दादा."

"वादळ आलं का? मग चुकलास तू!"

"आलं असतं तर?"

"आलं नाही ना रे, गाढवा!"

त्याने चहा बाजूला सारला. "मी चूक म्हटलं, तर माझ्यानंतर त्या खुर्चीत बसणारा दरवाजाला हात लावणार नाही. फोटो येईल म्हणून घाबरेल, धरण तुडुंब ठेवेल. आणि एखाद्या वर्षी वादळ वळणार नाही..."

"जगाचा ठेका तू घेतलायस?"

"धरणाचा घेतलाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. "दादा, नाही लिहिलं. सस्पेंड केलं." मी फोन ठेवून दिला. लिहून दे म्हटलं त्याची मला आजही लाज नाही. तो माझा भाऊ होता, धरणाचा नव्हता. पुढे त्याला परत घेतलं, पण टेबलावर. रिटायर होईपर्यंत नदीवर पाठवलं नाही. मुलुंडच्या त्याच्या घरी आजही पिंप गळ्यापर्यंतच भरतात. जास्त झालं की तो तांब्याभर काढून कुंडीत ओतायचा... सुलभा अजून ओतते.

सस्पेंड झाल्याच्या त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे पाणी यायचं होतं. मी पहाटेच हंडा लावलेला, पहिला नंबर माझा. शेजारची शेवंता सगळ्यांदेखत ओरडली, "काय ओ नाना, भाऊ घरी बसला म्हणे! आमचं पाणी खाडीला पाजून काय मिळवलं त्याने?"

"हो, सोडलं त्याने," मी म्हटलं. "आणि चूक झाली असं लिहूनही दिलं नाही. परत वेळ आली तर परत सोडेल. अजून काय विचारायचंय?"

नळाला धार आली होती, बारीकच, कधी जाईल नेम नव्हता. मी माझा रिकामाच हंडा काढला, शेवंताचा नळाखाली सरकवला, आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिलो.