मचाणावरची गोष्ट

परवा माझ्या वर्गातली चौथीची एक मुलगी मोठ्यानं गोष्ट वाचता वाचता गप्प झाली. ओठ थांबले, डोळे मात्र ओळीवरून धावत होते. मी तिला हटकलं नाही. मला एकदम हुरड्यावर आलेल्या ज्वारीचा गोडसर वास आठवला.

मीही तेव्हा चौथीतच होते. सुट्टीच्या दिवशी ज्वारी राखायला मचाणावर बसायचे. पोपट येऊ नयेत म्हणून सारखं ओरडावं लागायचं. गुरुजींनी पुस्तक हातात देत म्हटलं होतं, "राखणीले ओरडाच लागते ना? मंग हेच ओरड."

बाजूच्या पराटीत आई कापूस वेचत होती. मी ओरडून वाचत होते. गोष्टीतली मुलगी एकटीच नावेत बसली, दोर सुटला, नाव धारेला लागली, आणि माझा आवाज कधी बंद झाला ते मला कळलंच नाही. पोपटांना मात्र लगेच कळलं.

आई ओटीतला कापूस सांभाळत धावत आली. "काऊन गप बसली वं? पोपटायनं कणसं खाल्ली ना!"

मी पुस्तक पाठीमागे लपवलं. आता ते चुलीतच जाणार होतं. पोपट हाकलून आई मचाणाखाली आली आणि धापा टाकतच म्हणाली, "थे पोरगी काठाले लागली का नाई?"

आमच्या घरातली पहिली बी.ए. मी. आईला एक अक्षरही वाचता येत नव्हतं. ती कणसांपेक्षा गोष्टीसाठी धावली होती, हे मला आता कळतं.

वर्गातल्या मुलीनं पान उलटलं, तेव्हा मी विचारलं, "पुढं काय झालं वं? आमाले बी सांग."