पोखर्णीवालीची आरोळी

पोखर्णीवालीनं आरोळी दिली की दोन माळ पलीकडचं कुत्रंही उठून उभं राहायचं. ती माझी बायको. माहेर पोखर्णीचं, म्हणून आमच्या जिंतूरकडच्या गावात तिला कुणी दुसऱ्या नावानं ओळखत नव्हतं. मान मागे टाकायची, तळहात गालाला लावायची आणि "होऽऽय" असं लांबवायची. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या आईला वाटलं, सुनेच्या अंगात आलं. आता घर गप्प आहे. माझ्यासारख्याला हीच शिक्षा बरोबर आहे.

मेंढरामागं हिंडणाऱ्या आम्हा लोकांत आरोळीचा कायदा आहे. आरोळी आली की घरच्या कुणीतरी ओ द्यायचीच. ओ आली नाही तर समजायचं, लांडगा आला, साप चावला, माणूस कुठं पडलं. मग हातातलं टाकून पळायचं. ती म्हणायची, "आधी ओ द्यावी, मग भांडावं." आम्ही लय भांडलो, पण ओ दिल्यावर.

तोंडाची फटकळ. भर पंगतीत माझ्यासमोर पाव्हण्यांना सांगायची, "आमचे मालक लय देखणे हायत. फक्त कामाला लावू नका, रंग उतरतो." मी चिडायचो. मग मीच हसायचो, कारण खोटं काही नसायचं त्यात.

बहात्तरच्या दुष्काळात निम्मी मेंढरं मेली. पुढं आमचा थोरला, सोपान, परभणीला फौजेच्या भरतीत उभा राहून आला. मी ओरडलो, "मरायला चाललास व्हय रे?" ती मधे पडली. "हितं लांडगा, तितं दुश्मन. राखणच करायची हाय की. जाऊ द्या त्याला."

ट्रेनिंग संपलं, पोराची कसम परेड, म्हणजे शपथेची कवायत, ठरली आणि आईबापांना सिकंदराबादचं बोलावणं आलं. मेंढरं भावाच्या हवाली केली. मी पाटलाचा कोट आणि बूट मागून आणले. तिला म्हणालो, "ती घोंगडी ठेव घरी. लोक काय म्हणतील?"

"पोरगं हिच्यात निजून मोठं झालं. तिलाबी बघू द्या," म्हणाली आणि खांद्यावर टाकली.

रेल्वेत एक मास्तर भेटले. त्यांचाही मुलगा तिथंच. पोखर्णीवाली तिकडं बायकांच्यात बसली होती. मास्तर कोट बघून मला "साहेब" म्हणाले. जन्मात पहिल्यांदा कुणी म्हणालं. मैदानावर बायका पुढं सतरंजीवर, पुरुष मागं खुर्च्यांवर. मी मास्तरांच्या शेजारी कोटाची बटणं लावून बसलो.

बँड वाजला. पोरं आली. सगळ्यांची डोकी भादरलेली, सगळ्यांचा पाय एकदम उठतोय. आपला कोणता, मलाही कळेना. तेवढ्यात पोखर्णीवाली उठली, गालाला हात लावला.

"सोपाऽऽन! होऽऽय!"

बँडच्या वर आवाज गेला. लोक हसले. पोराला मान वळवायची बंदी, तो ओ कुठली देतो? पण तिला कोण सांगणार? तिनं पुन्हा आरोळी दिली, आणि या खेपेला आवाज फाटला. लोकांना वाटलं, बाई अडाणी आहे. बाई घाबरली होती. ओ आली नव्हती. हे तिथल्या खुर्च्यांवर फक्त मला ठाऊक होतं. घरचा माणूस होतो, मी ओ दिली असती तर ती निवांत खाली बसली असती.

एक हवालदार पळत आला. "ये बाई किसके साथ है?"

मास्तर माझ्याकडं वाकून हसले. "कुठनं कुठनं येतात लोक, साहेब."

मी पाटलाच्या बुटांकडं बघत राहिलो. हवालदारानं पुन्हा विचारलं. तिनं वळून खुर्च्यांवरून नजर फिरवली. माझ्यापाशी थांबली. मग त्याला म्हणाली, "एकलीच आले, बाबा," आणि घोंगडी डोक्यावर ओढून खाली बसली.

परेड झाल्यावर सोपान आला, पाया पडला. "माय, ऐकलं मी. दातावर दात धरून चाललो बघ."

"आसूंदे. धडधाकट हायस ना?" ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मी मागं उभा होतो.

परतीच्या गाडीत तिनं विचारलं, "कानाला काय झालतं तुमच्या?"

"बँड व्हता. ऐकू आलं न्हाई."

"व्हय," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "बँड लय मोठा व्हता."

भांडली असती तर बरं झालं असतं.

गावात बायका जमल्या. ती रंगवून सांगायला लागली, "मी येड्यावानी उठले, आरडले. समदे हसायलेत. तर हे आले मागून, हात धरला माझा, म्हणले, ही माझी बायकू हाय, कुणी हसायचं न्हाई." बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी ओट्यावर तंबाखू मळत बसलो होतो. मळतच राहिलो.

पुढं सुनांना, नातवंडांना तिनं हेच सांगितलं. आमचं कडाक्याचं वाजलेलं असलं तरी त्यातला शब्द बदलला नाही. मला वाटायचं, रागात एखाद्या दिवशी खरं बोलून टाकील. ती बोलली नाही, आणि मीही नाही.

मागच्या थंडीत ती गेली. दहाव्याला सोपान पाव्हण्यांत बसला होता. त्याला पेन्शनीत येऊन आता लय वर्षं झाली. सांगत होता, "माझ्या बापानं भर मैदानात मायचा हात धरला. त्या जमान्यात लय मोठं काळीज लागायचं त्याला." नातसुनेनं डोळ्याला पदर लावला. सगळी माणसं माझ्याकडं वळली.

"व्हय ना, दादा?" सोपाननं विचारलं.

मी म्हणालो, "व्हय."