नावाचं चॉकलेट

आमच्या साडूभाऊंनी आयुष्यात एकही धंदा केला नाही, पण ज्याचा त्यांनी सांगोपांग विचार केला नाही असा धंदाही या पृथ्वीवर शिल्लक राहिला नाही. लोक धंद्यात पडतात, बुडतात, कधीमधी तरतातही. आमचे साडूभाऊ काठावर बसून पाण्याकडे इतक्या प्रेमानं बघत राहायचे की पोहून आलेल्यालाच वाटावं, आपण उगाच भिजलो. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये ते ग्रेडर होते. आलेल्या गाडीतून कापसाचा पुंजका उचलायचा, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते उजेडात बघायचं आणि मालाची प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं की कुठलीही वस्तू ओढून बघितल्याशिवाय त्यांना तिची ओळखच पटेनाशी झाली. पापड असो, पोळी असो, पाहुण्याचं स्वेटर असो, हात आपोआप पुढे जायचा. माझ्या लग्नात मी फेटा बांधून बोहल्यावर उभा होतो, तर हे घरचे थोरले जावई पुढे आले, फेट्याचा एक धागा ओढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाले, "मिलावट हाय. पन चालते." सासऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माझाही झाला असणार.

धंद्यांचा विचार त्यांना पहिल्यापासूनच आवडायचा. पण कापसाचं सगळंच बिनसलं त्या वर्षांत त्यांना विचारासाठी भरपूर सवड मिळाली. जिनिंग आधी अर्धा हंगाम चाले, मग जेमतेम महिनाभर, आणि पुढे तर दसऱ्याला यंत्रांची पूजा करण्यापुरतीच उघडायला लागली. साडूभाऊ ओसरीवरच्या बाजेवर आडवे झाले आणि जगातले धंदे एकेक करून त्यांच्या डोळ्यांसमोरून जाऊ लागले. सफेद मुसळीच्या विचारात त्यांनी एक अख्खा पावसाळा घालवला. मुसळी लावली नाही, पण लावलीच तर चोरी होऊ नये म्हणून राखणीला कुठल्या रंगाचं कुत्रं पाळायचं इथपर्यंत सगळं ठरलं होतं. पांढरकवड्याकडे कुणी इमू पाळलेत असं कळल्यावर बस बदलत बदलत जाऊन ते इमू बघून आले. परतताना वाट वाकडी करून यवतमाळला माझ्याकडे उतरले आणि चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाले, "मास्तर, पक्षी मोठा हाय, अंडंही मोठं हाय. पन मी त्याच्या डोयात पाह्यलं. त्याले सोताले या धंद्याचा भरोसा नाही." पुढे इमूवाल्यांचं जे काय झालं ते बघता पक्ष्याचं मत विचारात घेणारा हा एकटाच शहाणा निघाला.

मी यवतमाळला कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवायचो, म्हणून सासरच्या मंडळींत मला धंद्यातलं कळतं अशी एक निराधार समजूत होती. एका हिवाळ्यात साडूभाऊंचा फोन आला. आवाज असा, की घरात बाळ जन्मलं असावं. "मास्तर, रविवारी या. सापडला." काय सापडलं ते फोनवर सांगायला तयार नव्हते. मी गेलो. बसमधून उतरून घरी पोचतो तर साडूभाऊ ओसरीवर उभे, हातात वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी. लांबच्या कुठल्या मोठ्या शहरातल्या कंपनीची जाहिरात होती. घरबसल्या चॉकलेटची फ्रँचाइझी. चॉकलेट कंपनीचं, वरच्या कागदावर नाव मात्र गिऱ्हाइकाचं. वाढदिवस, बारसं, लग्न, जसा प्रसंग असेल तसं नाव छापून द्यायचं. आपण फक्त घरातली एक थंड खोली द्यायची. दिग्रसमध्ये उन्हाळ्यात थंडावा माठात असतो, तोही दुपारपर्यंत, असं मी म्हणणार होतो. पण साडूभाऊ तोवर खूप लांब निघून गेले होते.

बाजेवर पाय वर घेऊन, डोळे अर्धे मिटून ते बोलत राहिले आणि मी ऐकत राहिलो. त्यांच्या डोळ्यांसमोर सगळं दिसत होतं. बारशाला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बाळाचं नाव. बदली झालेल्या तहसीलदाराच्या निरोपाला तहसीलदाराचं नाव. पोळ्याला बैलांची नावं. "बैल चॉकलेट खातो का?" मी विचारलं. "बैल कागद खाईन, चॉकलेट मालक खाईन. नाव बैलाचंच ना बाप्पा!" मग एकदम उठून बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, आपल्याकडचा साधा मानूस आपलं नाव छापलेलं कवा पाह्यते? एकदा लग्नाच्या पत्रिकेत. मंग तेरवीच्या कार्डावर, तेही तो सोता पाहात नाही. मधात काहीच नाही, राजेहो. एवढं मोठं आयुष्य मधात मोकयं पडून हाय. हा धंदा त्या मधातला हाय." मी वाणिज्याच्या बऱ्याच पुस्तकांमधून बाजारपेठेची व्याख्या शिकवली आहे. इतकी सुंदर व्याख्या त्यांतल्या एकातही नव्हती, आणि इतकी निरुपयोगीही.

मी चहाचे कप ठेवायला आत गेलो, तेव्हा ताईनं मला थांबवलं. ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. साड्यांना फॉल लावून, पिको करून तिनं ते घर चालतं ठेवलं होतं. तिनं शिलाईयंत्राचं चाक हातानं धरलं आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, तुमी हिशोबानं बोलान. तुमचं बरोबरच असन. पन नाही म्हनू नका." मी म्हटलं, "ताई, हे जमणारं नाही." "मले माईत हाय. तसं तर मुसळीही जमनारी नोयती." ती खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या आळीत जिनिंगमधलीच माणसं राहत. "तो समोरचा तोलाईवाला. आधी बोलनं कमी झालं, मंग जेवन. आता बायको हाक मारते तं वयूनही पाहात नाही. आमच्या गल्लीत हे एकटेच बोलून राह्यले. हे बोलून राह्यले तोवर मले रात्री झोप लागते." त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बायका कशाला घाबरत होत्या ते मला सांगायची गरज नव्हती. मी ओसरीवर आलो आणि म्हणालो, "विचार करण्यासारखं आहे." साडूभाऊ असे हसले की मला माझ्या पदवीचा पहिल्यांदाच काही उपयोग झाल्यासारखं वाटलं.

कंपनी आधी नमुन्याची छोटी खेप पाठवणार होती. तुम्ही नावं कळवा, आम्ही छापून पाठवतो, बघा आणि मग ठरवा. दुसरा कुणी घरच्यांची चार नावं कळवून मोकळा झाला असता. साडूभाऊंनी त्यात उरलेला हिवाळा घालवला. त्यांच्या लक्षात आलं की ज्यांच्याबरोबर जन्म काढला त्यांची नावंच आपल्याला ठाऊक नाहीत. जिनिंगच्या दारावरचा तो चौकीदार. यंत्रं दुरुस्त करणारे ते मिस्त्री. सरकी वेचणारी ती मावशी. मग ते घरोघर नावं विचारत हिंडू लागले. लोकांना वाटलं सरकारची कुठली तरी योजना आली. एका मजूर बाईकडे नवऱ्याचं नाव विचारलं, तर ती पदर तोंडाला लावून गप्प. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे साडूभाऊ उत्साहात विसरले होते. शेवटी शेजारणीनं कुंपणापलीकडून ते ओरडून सांगितलं, आणि दोघी मिळून इतक्या हसल्या की नवरा काय झालं ते बघायला बाहेर आला. मिस्त्री मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मेरा नाम लिखके क्या करते भाऊ? मशीन तो बंद है." साडूभाऊ म्हणाले, "मशीन बंद हाय, तुमी कुठं बंद हाय?" त्यावर मिस्त्रींनी आपलं नाव बापाच्या आणि आजोबाच्या नावासकट सांगितलं.

खेप आली ती ऐन मे महिन्यात. पार्सल एसटीच्या टपावरून आलं होतं. खोकं उघडलं तेव्हा आतलं चॉकलेट हलव्यासाठी काढलेल्या पाकासारखं हलत होतं. साडूभाऊ जराही डगमगले नाहीत. सगळं स्टीलच्या डब्यात भरून डबा रांजणात तरंगत ठेवला आणि शेजारी स्टूल टाकून बसले. संध्याकाळी चॉकलेटं पुन्हा घट्ट झाली. कुणी कमरेत वाकलेलं, कुणी एका बाजूला फुगलेलं. पण वरचा कागद झकास होता, सोनेरी किनार आणि मधोमध ठळक, स्वच्छ अक्षरांत नाव. दुसऱ्या दिवशी ज्याचं त्याला नेऊन दिलं. "खा आन् मत सांगा," एवढीच अट.

आणि इथेच सगळं अडलं. कुणी खाल्लंच नाही. आठवड्यानं ते मत विचारायला फिरले, तेव्हा मीही बरोबर होतो. चौकीदारानं ते देवघरात ठेवलं होतं, रोज फूल वाहत होता. मजूर बाईनं लुगड्यांच्या पेटीत, सगळ्यांत खाली. तुम्ही खाल्लं का, असं विचारलं तर ती दचकलीच. "अव्वा! मालकाचं नाव हाय त्यावर. फाडू कसं?" मिस्त्रींकडे ते काचेच्या कपाटात, बायकोच्या माहेरच्या चिनी मातीच्या कपबशांशेजारी उभं होतं, आणि त्यावर मुंग्यांची रांग लागली होती. साडूभाऊंनी हळहळून मुंग्या दाखवल्या. मिस्त्रींनी फुंकर मारून कागद साफ केला आणि म्हणाले, "खाने दो. अंदर का चींटियोंका, ऊपर का मेरा."

घरी येताना साडूभाऊ गप्प होते. ओसरीवर बसले आणि म्हणाले, "मास्तर, हा धंदा होत नाही. ज्याचं नाव हाय तो खात नाही, आन् खाल्ल्याबिगर दुसरं घेत नाही." हिशोब अगदी बिनचूक होता. पण आजवर त्यांचे सगळे धंदे विचार करता करता आपोआप विरून जायचे, एकातून दुसरा निघायचा. 'होत नाही' असं ते पहिल्यांदाच म्हणाले होते. आतलं शिलाईयंत्र थांबलेलं मला ऐकू आलं.

पुढच्या रविवारी ताईनं मला निरोप पाठवून बोलावून घेतलं. साडूभाऊ भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडले होते. मी आलेलो त्यांना कळलं होतं, पण वळले नाहीत. मी पाऊसपाण्याचं बोललो. कॉलेजातल्या गमती सांगितल्या. शेवटी मधमाश्या पाळण्याचा धंदा कसा काय वाटतो, असंही विचारलं. मधमाशी कशाशी खातात हे मला माहीत नव्हतं, पण कुठूनतरी सुरुवात करायची होती. काही उपयोग झाला नाही. ताई दारात उभी होती, हातात न लावलेला फॉल. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, आणि मी घाबरलो होतो हे सरळच सांगतो.

बऱ्याच वेळानं ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "एक राह्यलं." मग हात लांब करून उशीखालून त्यांनी एक चॉकलेट काढलं आणि न बघताच ताईच्या दिशेनं धरलं. "हे द्याचं होतं. शरम आली."

ताईनं ते घेतलं. वाचलं. मग पुन्हा वाचलं. मी मान वाकडी करून बघितलं. कागदावर 'चंद्रकला' असं छापलं होतं. मला वाटलं, कंपनीनं चुकून दुसऱ्याच कुणाचं पाठवलं. आम्ही तिला ताई म्हणतो, आणि बाहेर सगळीकडे ती सुनंदा.

"लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून माह्या हाती आंगठी देली," साडूभाऊ भिंतीलाच सांगत होते. "म्हने, नवं नाव लिही. मी लिहिलं. सारे टाया वाजवून राह्यलते. माहेरचं नाव पुसू का, हिले कोनी विचारलंच नाही. मीनंही नाही. साऱ्या गावाचं नाव विचारत हिंडलो, तवा ध्यानात आलं."

ताईनं नखानं कागदाची कड सोडवली आणि सरळ मधोमध फाडला. सोनेरी किनार, नाव, सगळं. आणि उभ्या उभ्या खायला लागली. आम्हाला कुणाला तुकडा दिला नाही, विचारलंही नाही. ते वाकडंतिकडं चॉकलेट ती खात राहिली आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी खुशाल गालांवरून खाली येत राहिलं.

कागद फाटल्याचा आवाज ऐकून साडूभाऊ वळले. मग उठून बसले. "अवं, नाव फाडलं तुनं!"

"फाडलं तं फाडलं," ताई म्हणाली. "माहं नाव हाय. कागद फाटल्यानं जाते काय?" आणि उरलेला तुकडा तोंडात टाकून, बोट चाटत ती आत निघून गेली.

साडूभाऊ तिच्या पाठीकडे बघत राहिले. नंतर त्यांनी पुष्कळ धंद्यांचा विचार केला, अगदी शेवटच्या आजारपणापर्यंत केला, आणि त्यातलाही एकही केला नाही. आता ती ओसरीही रिकामी आहे. मला मात्र त्यांची आठवण येते ती त्याच दुपारची. ते पाय खाली सोडून बसले होते, केस विसकटलेले, आणि तोंडावर कुतूहल परत येत होतं, थोडं थोडं.

"कसं लागलं?" त्यांनी आत ओरडून विचारलं. उत्तर नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घसा साफ केला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच असावं, जरा लाजत म्हणाले, "सांग ना वं, चंद्रकला."

आणि स्वयंपाकघरातून, तोंड चॉकलेटनं भरलेलं असल्यामुळे जरा जाड आवाजात, ताईनं ओ दिली.