चौकडीच्या शर्टाची पिशवी

मंडईत प्लास्टिकच्या पिशव्यांवरून वाद रंगला होता. भाजीवाल्या मावशी म्हणत होत्या, "आम्हालाच कशाला पकडता? कारखाने बंद करा की!" एक आजोबा म्हणाले, "दंड वाढवा, मग बघा." मीही तावातावाने बोलणार होते, तेवढ्यात आमच्या शेजारी नव्याने राहायला आलेल्या नीलाताईंनी मेथीसाठी पिशवी उघडली. निळ्या चौकडीच्या शर्टाची. खिसा तसाच ठेवलेला, त्यात कढीपत्ता खोचलेला.

"यांनी शिवलीय," त्या सहज म्हणाल्या. "निवृत्त झाल्यापासून मशीन सोडत नाहीत."

मग मला वादातलं काही ऐकूच येईना. एका पिशवीचा इतका हेवा वाटावा? बाई भाजी घेत फिरते आणि नवऱ्याचा शर्ट तिच्या खांद्याला बिलगून असतो. पृथ्वी वाचो न वाचो, मला तेवढंच हवं होतं.

"तुम्हीही द्या मिस्टरांचा एखादा जुना शर्ट. तुम्हालाही शिवून देतील."

हे गेले, तेव्हा डोळ्यांसमोर नकोत म्हणून मी त्यांचे सगळे शर्ट महिन्याच्या आत वाटून टाकले होते.

"बघते हं," मी म्हणाले आणि मावशींनी गोणपाटाखालून काढून दिलेली प्लास्टिकची पिशवी घेतली.