शालूची झूल आणि भुजंगरावांचा ट्रक

भुजंगरावांचा ट्रक तापला की आधी कण्हायचा, मग उचक्या द्यायचा आणि शेवटी "फुस्स" करून भर रस्त्यात बसायचा. लष्कराच्या लिलावातून आणलेला, पेट्रोलवर चालणारा म्हातारा ट्रक तो. बैलजोडी विकल्यापासून गोठ्यात त्याचीच जागा. म्हणून यंदा पोळ्याला मिरवणूकही त्याचीच निघाली. त्यांच्या बायकोनं, रुक्मिणबाईंनी, आपल्या लग्नातला शालू फाडून, आरसे लावून जाडजूड झूल शिवली. शिंगं नसल्यामुळं भुजंगरावांनी ती बोनेटवरून ओढून तोंडावर ताणून बांधली. पोळा सरला, पण झूल उतरवायला काही मन होईना.

त्यानंतर ट्रकचं बिनसलं ते बिनसलंच. देगलूरचा निवृत्ती मिस्त्री सगळं नाकातून बोलायचा. "रेडिएंटर ग्येंला, भुजंगराव." तो बदलला. "थर्मोस्टॅंट ग्येंला." तोही बदलला. "पंख्यांचा पट्टां." पट्टाही झाला. गॅरेजात ट्रक गरीब गाईसारखा तासभर चालायचा अन् मिस्त्री हसायचा, "गाडी थंड हाय. तुमचंच डोंकं तापून राह्यलंय!" घरी आणून माल भरून निघालं की अर्ध्या वाटेत पुन्हा कण्हणं, उचक्या, फुस्स.

दसऱ्याच्या तोंडावर झेंडू भरला, तेव्हा रुक्मिणबाई स्वतःच केबिनमध्ये चढून बसल्या.

"नांदेड येईस्तोवर एकडाव जरी बसला, तर भंगारवाल्या बसलिंगप्पाला फोन. भंगारात द्यायचा म्हंजे द्यायचा."

"आगं, माझं त्याच्यावाचून कसं व्हावं?"

"तेच म्हनते मी. मानसावानी जीव लावलाय!"

नरसी गाव मागं पडलं अन् तापमानाचा काटा वर सरकू लागला. भुजंगरावांनी पाय हलका केला, देवाचं नाव घेतलं. ट्रक कण्हला. उचकी. फुस्स.

रुक्मिणबाईंनी फोन लावला. "बसलिंगप्पा, उद्या येऊन घेऊन जावा." भुजंगरावांनी चाकाला लाथ हाणली अन् अंगठा धरून बसले.

"आता ह्याला काय करायचं?" रुक्मिणबाईंनी विचारलं. "फुलं सुकायलीत की."

"इंजन तापलं की पंपात पेट्रोलची वाफ व्हतीय. वाफ नळीत अडकली की पेट्रोल पुढं सरकत न्हाई. पंपावर ओलं फडकं टाकून थंड करावं लागतंय."

"मग टाका की!"

"फडकं मागल्या खेपेला जळालं."

रुक्मिणबाई तणतणत खाली उतरल्या. झुलीच्या गाठी खसाखसा सोडल्या. "घ्या. भंगाराला कशाला पायजे झूल?"

"आगं, शालू हाय त्यो!"

"माझा हाय. भिजवा."

घागरभर पाण्यात भिजवलेली झूल पंपावर पडली. चर्र झालं. थोड्या वेळानं ट्रक खोकला अन् सुरू झाला. ओली झूल पायाशी टाकून भुजंगराव निघाले, कान इंजिनाकडं. नायगाव आलं. आता कण्हंल. नायगाव गेलं. भर उन्हात, भरल्या मालानं ट्रक गुमान पळत होता. काटा मधोमध झोपलेला. नांदेडचा पूल आला तरी उचकी नाही.

रुक्मिणबाईंनी पायाशी पडलेल्या झुलीकडं पाहिलं, मग समोरच्या झूल नसलेल्या बोनेटकडं.

"अवो, मिस्त्रीकडं नेताना ही झूल कुठं असायची?"

"घरी. ऑइलचे डाग पडतील म्हनून काढून ठेवायचो."

"अन् घरी आनली की?"

"बांधायचो." भुजंगरावांचा आवाज खाली खाली गेला. रेडिएटर, थर्मोस्टॅट, पट्टा एकेक करून डोळ्यांपुढून गेले. "तोंडाची जाळी झाकली, रेडिएटरचं वारं बंद... आगं, ही झूल शिवली कुनी?"

"मी शिवली. पाठीवर टाकायला! बैलाच्या नाकावर झूल कुनी बांधतंय का?"

तेवढ्यात फोन वाजला.

"अक्का, उद्या किती वाजता येऊ?"

"कामून येता बसलिंगप्पा?" रुक्मिणबाई म्हणाल्या. "समदं नवं घातलेली गाडी हाय. भंगारात कोन देतंय?"