सफाच्या जागी गुलाब

नांदुऱ्याच्या रॅप स्पर्धेचा फ्लेक्स प्रसेनजितने बनवला आणि घोळही त्यानेच घातला. स्वतःसकट चौघा पोरांचे गॉगलवाले फोटो टाकले, पाचवी स्पर्धक सफा, तिच्या जागी मात्र गुलाबाचं फूल. पोरीचा चेहरा चौकात कशाला, हा त्याचा सभ्यपणा!

सफा ब्लाउज शिवते आणि मशीनच्या ठेक्यावर रॅप रचते. "जित्या माणसाले फूल वाह्यतं का बे?" एवढंच तिने विचारलं.

स्टेजवर पोरं समतेवर गरजली आणि दर दोन ओळींनी एकमेकांच्या आईबहिणीवर घसरली. जातीवरच्या दोन ओळींना प्रसेनजितने शिट्ट्या मिळवल्या. त्या सफाच्या होत्या, तिला न विचारता उसन्या आणलेल्या.

सफाने आपल्या पाळीला त्या गाळल्या; म्हटल्या असत्या तर चोर तीच ठरली असती. प्रसेनजितला स्वतःचीच किळस आली.

ओळी कोणाच्या, हे त्याने चारचौघांत सांगायचं अजून बाकीच आहे.