आठवा ठिपका

बाबा छोट्या विमानांचे मेकॅनिक. आज त्यांनी एका इंजिनाचे चार जुने रबरी पाइप बदलले; प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना एकेक नट. वरून धडधाकट दिसणारे पाइप काढून वाकवताच तडकले, तेव्हापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नाही. नट आवळला की लगेच त्यावर खूण म्हणून पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, ही त्यांची शिस्त. जेवताना घास हातातच राहिला.

"आठव्या नटाला ठिपका दिला का मी?"

"अंगठा बघा, पिवळाधमक झालाय," आई वैतागली.

"अंगठा उडणार नाहीये!" म्हणत ते भरल्या ताटावरून उठले.

तासाभराने विमान तपासून परतले. आठही ठिपके जागेवर होते.

"झालं समाधान?" आईने पुन्हा वाढलं.

"झालं," बाबा म्हणाले. पण पायातले बूट काही काढेनात.